मोजलेली स्मृती : मेंदू-उद्दीपन संशोधन आणि 'अस्तु'

सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या 'अस्तु' (२०१३) या चित्रपटाचा विचार बहुधा नातेसंबंधांच्या अंगाने केला जातो. प्रस्तुत लेखात मात्र तो स्मृतिभ्रंशावरील मेंदू-उद्दीपनाच्या संशोधनाशेजारी ठेवून पाहिला आहे. वरवर अंतर असले तरी दोहोंचे एक गृहीतक समान आहे.

शस्त्रक्रियेविना मेंदूचे उद्दीपन करण्याची दोन तंत्रे प्रमुख आहेत. पहिले १९८५ मध्ये शेफिल्ड येथे अँथनी बार्कर व सहकाऱ्यांनी सिद्ध केले. त्यात डोक्याजवळ धरलेल्या वेटोळ्यातील बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे मेंदूच्या बाह्यस्तरात वीजप्रवाह निर्माण होतो. दुसऱ्यात ओल्या स्पंजांतून एक-दोन मिलिअँपिअरचा मंद प्रवाह सोडतात. २०२० च्या युरोपीय तज्ज्ञ-मार्गदर्शिकेने अल्झायमरमध्ये पहिल्या तंत्राला, तेही बौद्धिक सरावाच्या जोडीने, 'संभाव्य उपयोगी' ही तळची श्रेणी दिली आहे. म्हणजे आशेला जागा आहे, जाहिरातीला नाही.

पण सुधारणा झाली हे ठरते कशावरून? चाचणीच्या गुणांवरून. १९७५ पासून रूढ असलेल्या ३० गुणांच्या चाचणीत शंभरातून सात-सात वजा करावे लागतात, वाक्य वाचावे व लिहावे लागते, पंचकोन काढावे लागतात. कसाऱ्याच्या परिसरातील एखाद्या पाड्यावरील निरक्षर आजीने यात किती गुण मिळवावेत? राब केव्हा भाजावा, कोणता कंद किती उकळला म्हणजे त्याचा कडूपणा जातो, हे तिला पाठ असते. त्याला गुण नाहीत. ही अडचण संशोधकांना ठाऊक नव्हती असे नाही. हरियाणातील बल्लभगड येथे निरक्षरांसाठी या चाचणीचे हिंदी रूप तयार झाले, ते १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले. तरीही प्रश्न उरतो. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार साठीपुढील भारतीयांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण ७.४ टक्के असून ते स्त्रिया, अशिक्षित व ग्रामीण वृद्धांत अधिक आहे. ज्यांना आजार अधिक, त्यांचीच स्मृती मोजपट्टीच्या बाहेर राहते.

आता 'अस्तु'कडे वळू. चक्रपाणी शास्त्री संस्कृतचे प्रकांड पंडित आहेत, हा योगायोग नव्हे. विद्वत्तेची उंची आधी दाखवल्यामुळेच पडझडीची खोली प्रेक्षकाला मोजता येते. स्वतः मनोविकारतज्ज्ञ असलेल्या मोहन आगाशे यांनी ही पडझड कमालीच्या संयमाने दाखवली आहे. परंतु मोजपट्टी येथेही ग्रंथविद्येचीच आहे.

हत्तीमागे निघून गेलेले शास्त्री माहुताच्या घरातील चन्नम्माला भेटतात तेव्हा ही मोजपट्टी काही काळ गळून पडते. ती त्यांना वार वा तारीख विचारत नाही. मुलासारखे सांभाळते, आणि ते तिला आई मानतात. अमृता सुभाष यांना या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो सर्वथा योग्यच. चित्रपटाचा हा सर्वांत समर्थ भाग आहे, आणि त्याची मर्यादाही येथेच दिसते. चन्नम्माला दिग्दर्शकांनी अपार समज दिली आहे. तिच्या स्मृतीचा विचार मात्र केलेला नाही. ती सत्तरीला पोचेल तेव्हा तिच्याजवळचे काय हरवेल, आणि ते हरवले हे कोणाच्या लक्षात येईल, हे 'अस्तु' विचारत नाही.