शिवदासचा पास

२९ जुलै १९११ रोजी कोलकात्यात झालेल्या फुटबॉल सामन्याचा विषय निघाला की नजर आधी पायांकडेच जाते. आयएफए शील्डची अंतिम लढत, समोर ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटचे बूट घातलेले गोरे शिपाई आणि मोहन बागानच्या अकरांपैकी दहा जण अनवाणी. बूट होते ते एकट्या सुधीर चॅटर्जींच्या पायांत. हे चित्र विलक्षण आहेच. पण मला हा सामना पुन्हापुन्हा वाचावासा वाटतो तो त्याच्या शेवटच्या गोलासाठी.

त्या मोसमाची चढणच बघा. पहिल्या दोन फेऱ्यांत मुलकी संघ होते: सेंट झेवियर्सवर ३-० आणि रेंजर्सवर २-१. तिथून पुढे सगळे पलटणीचे गडी. रायफल ब्रिगेडला १-० ने हरवले, मिडलसेक्सशी १-१ अशी बरोबरी झाली आणि फेरसामना ३-० ने खिशात घातला. त्यात हे सगळे ऐन पावसाळ्यात. चिखलात अनवाणी पाय सटकतात आणि भिजून जड झालेला चामड्याचा चेंडू बोटांवर आदळतो. मैदान कोरडे असले की मात्र तीच बोटे चेंडूला हवी तशी वळवतात.

फाळणीच्या जखमेने बंगाल सहा वर्षे धुमसत होता, आणि खेळाचा कारभारही गोऱ्यांच्याच हाती. अंतिम सामन्याला हजारोंनी माणसे लोटली. ज्यांना मैदान दिसत नव्हते त्यांना गोलसंख्या कळावी म्हणून पतंग उडवले गेले. (त्याच उन्हाळ्यात आपला क्रिकेटपटू पालवणकर बाळू इंग्लंडच्या खेळपट्ट्यांवर शंभरहून अधिक बळी घेत होता. ही दोन्ही पाने शेजारी ठेवून वाचायला हवीत.)

आता सामना. पूर्वार्ध कोरा गेला. उत्तरार्धात जॅक्सनच्या फ्री किकवर ईस्ट यॉर्कशायरने आघाडी घेतली. सामान्य संघ इथे घाईला येतो, लांबून चेंडू हाणत सुटतो. मोहन बागानने आपली चाल सोडली नाही. डाव्या बगलेला कर्णधार शिवदास भादुरी, त्याच्या आतल्या अंगाला सख्खा भाऊ विजयदास. घरातच जमलेली जोडी! शिवदासने बरोबरी साधली.

आणि मग अखेरच्या मिनिटांतली ती चाल. चेंडू पुन्हा शिवदासच्या पायात आला. नुकताच गोल केलेला कर्णधार, समोर गोल, भोवती गर्जणारा जमाव. त्याने स्वतः फटका मारला असता तर कोणी दोष दिला नसता. पण बचावपटूंना चकवत तो पुढे सरकला, त्यांना आपल्याकडे ओढून घेतले आणि चेंडू अभिलाष घोषकडे सरकवला. अभिलाषने तो जाळ्यात धाडला. २-१. या मोसमातला सर्वांत सुंदर क्षण माझ्या लेखी हा पास आहे, गोल त्याच्यानंतर येतो. एवढ्या ताणात जागा कोणाची चांगली आहे हे दिसणे आणि दिसल्यावर चेंडू सोडता येणे, यात त्या संघाचा सगळा सराव आणि सगळा जिव्हाळा उतरला आहे.

या विजयाने शील्ड प्रथमच भारतीय संघाकडे आली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात बंगालची फाळणी रद्द झाली आणि राजधानीही दिल्लीला हलवण्याचे जाहीर झाले. त्याची कारणे राजकारणातली आणि कितीतरी जुनी. ती या सामन्याच्या पदरात घालण्याचा मोह मी टाळतो. आणखी एक आख्यायिका सांगतात. सामन्यानंतर कोणीतरी किल्ल्यावरच्या युनियन जॅककडे बोट दाखवून तो कधी उतरणार असे विचारले, तेव्हा उत्तर मिळाले की मोहन बागान पुन्हा शील्ड जिंकेल तेव्हा. पुढची शील्ड क्लबला मिळाली ती खरोखरच १९४७ मध्ये. गोष्ट इतकी नेमकी जुळते की ती मागाहून रचली असावी असे मला वाटते. ऐकायला मलाही आवडते. पण शिवदासच्या पासला तिचा टेकू लागत नाही.