बारा व्होल्टचं नाटक

नौपाड्याच्या नावात 'नौ' आहे, पण नौपाडेकराचं नौकानयन तलावपाळीच्या पायडलच्या होडीपलीकडे सहसा जात नाही. नाटकं मात्र त्याने भरपूर पाहिलेली असतात. 1978 साली गडकरी रंगायतन उभं राहिलं तेव्हापासून इथला प्रत्येक माणूस समीक्षक आहे. प्रयोग संपल्यावर रिक्षा मिळेपर्यंत तो सगळ्या अंकांचा निकाल लावून मोकळा होतो. तेव्हा शिडाच्या लहान होडीवर उन्हाची वीज बसवण्याच्या उद्योगाचं परीक्षण नौपाड्यातून झालं तर बिघडलं कुठं? हे सरळसरळ नाटकच आहे. पात्रं मोजकी, रंगमंच तीस फुटांचा, आणि पडदा अवेळी पडला तर प्रेक्षकांनी पोहत घरी जायचं.

नायक अर्थातच सोलर पॅनेल. देखणा, उंचावर बसलेला, टाळ्या सगळ्या त्यालाच. त्याच्या पाठीवर 'शंभर वॅट' असं छापलेलं असतं. हा आकडा म्हणजे लग्नाच्या बाजारात सांगितलेला पगार; हातात पडतो तो वेगळा. आपल्याकडच्या स्वच्छ उन्हात असं पॅनेल दिवसाला साधारण 25 ते 30 अँपिअर-तास बॅटरीत टाकतं. त्यात स्वभाव नाजूक. आतले सेल एकामागे एक जोडलेले, त्यामुळे डोलकाठीची सावली दोन-चार सेलांवर पडली तरी गोखले रोडवर एक मोटार आडवी लागल्यासारखी सगळी रांग अडते.

राबते ती बॅटरी. ही घरातली मोठी सून. दिवे, रेडिओ, पंप, सगळे तिच्याकडेच मागतात. जेवलीस का, हे कोणी विचारत नाही. जुन्या शिसे-आम्लाच्या बॅटरीवर 100 अँपिअर-तास लिहिलेलं असलं तरी पन्नासच्या खाली रोज ओरबाडलं तर ती अकाली म्हातारी होते. भारनियमनाच्या दिवसांत ज्यांनी गॅलरीत इन्व्हर्टर पाळला, त्यांना हे वेगळं सांगायला नको. नवी लिथियमची बॅटरी महाग, पण ऐंशीपर्यंत बिनतक्रार देते आणि मर्यादा ओलांडली की सरळ दार लावून घेते. नवी पिढी!

मधे चार्ज कंट्रोलर. पॅनेल अठराच्या आसपास व्होल्ट घेऊन आवेशात येतो, त्याला समजावून चौदाच्या घरात आणण्याचं काम याचं. आणि शेवटचं पात्र फ्यूज. एकच प्रवेश, एकही वाक्य नाही, आणि त्यात मरायचं. पण तो बॅटरीच्या अगदी जवळ उभा नसेल, तर एका उघड्या तारेपायी होडी पेटते. भर समुद्रात अग्निशामक दलाला पत्ता काय सांगणार?

आता टीका. हे नाटक बहुतेक ठिकाणी पडतं ते संहितेत. लोक आधी पॅनेल विकत घेतात आणि मग त्याच्यासाठी कथानक शोधतात. खरं तर सुरुवात वहीपेन्सिलीने व्हायला हवी: कोण किती अँपिअर खातं आणि किती तास. डोलकाठीवरचा एलईडी दिवा रात्रभरात चार-पाच अँपिअर-तासांत भागवतो. रेडिओ ऐकत ठेवला तर दिवसाला आठ-दहा. इथपर्यंत संसार सुखाचा. मग कोणीतरी म्हणतं, 'छोटासा फ्रिज घेऊ या.' हा पाहुणा दिवसाला तीस ते पन्नास खातो, आणि जायचं नाव काढत नाही.

दुसरा दोष तारेचा. घरी 60 वॅटच्या दिव्याला पाव अँपिअर पुरतो. बारा व्होल्टवर त्यालाच पाच लागतात. अर्धा व्होल्ट तारेत हरवला तर घरी पत्ता लागत नाही, इथे दिवा मलूल होतो. म्हणून तार जाड हवी, आणि खाऱ्या हवेत टिकायला कल्हई केलेली. पॅनेलवर हजारो रुपये उधळून तारेत काटकसर करणं म्हणजे वऱ्हाड वातानुकूलित बसने नेऊन जेवायला कुरमुरे देणं.

हे सगळं नसलं तर चालतं का? चालतं. मुंबईत बांधलेली 32 फुटी 'सुहेली' घेऊन रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन 1968-69 मध्ये एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. पण वाटेत त्यांचा रेडिओ बंद पडला, आणि न्यूझीलंड मागे टाकल्यावर कित्येक महिने ते जिवंत आहेत की नाहीत हे घरच्यांना कळेना. त्याच 'सुहेली'ची प्रतिकृती 'थुरिया' गोव्यात रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात बांधली गेली. तीच घेऊन अभिलाष टॉमी 2018 च्या जुन्या साधनांच्या शर्यतीत उतरले. सप्टेंबरमध्ये दक्षिण हिंदी महासागरात होडी उलटली, डोलकाठ्या मोडल्या, पाठीचा कणा दुखावला. जागचं हलता येत नव्हतं. पण उपग्रहावरून मजकूर पाठवणारं मुठीएवढं यंत्र चालू होतं. चार शब्द पोचले, आणि तीन दिवसांनी फ्रेंच जहाज 'ओसिरिस'ने त्यांना उचललं.

त्या चार शब्दांना वीज लागली असेल चिमूटभर. पण ती त्या क्षणी हवी होती. होडीवरच्या विजेची परीक्षा ती किती आहे यात नाही. नेमक्या वेळी, नेमक्या कामासाठी उरली आहे का, यात आहे. थंड सरबतासाठी बॅटरी रिकामी करणारा दिग्दर्शक कितीही रंगीत नेपथ्य करो, माझ्या लेखी नापास.

तेव्हा निर्मात्यांना सूचना अशी: आधी हिशेब, मग बॅटरी, मग जाड तार आणि फ्यूज, नायकाची निवड सर्वांत शेवटी. फ्रिजचं पात्र कापलं तर कथानकाला काडीचाही धक्का लागत नाही. गार पाणी हवंच असेल, तर माठ न्यावा. होडी कलली की तोही कलेल, पण रात्री डोलकाठीवरचा दिवा लागलेला असेल.