वास्तववादी चित्रांत पेठ कुठे आहे?

सदाशिव पेठेत वास्तववादी चित्र पाहायला कलादालन शोधत हिंडावे लागत नाही. टिळक स्मारक मंदिरात गोपाळ देऊस्करांनी रंगवलेले लोकमान्यांचे जीवन आहे. नदी ओलांडून बालगंधर्व रंगमंदिरात गेले, तर त्यांनीच रंगवलेले बालगंधर्व भेटतात, एकदा पुरुषवेषात आणि एकदा स्त्रीभूमिकेत. शालूची चमक, त्वचेचा पोत, चेहऱ्यावरचा भाव हे सगळे इतके नेमके उतरवणारा हात महाराष्ट्रात फार थोड्यांना लाभला.

पुण्यात ही नजर आणखी जुनी आहे. इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट पेशवे दरबारी असताना गंगाराम तांबट नावाचा चित्रकार त्याच्यासाठी काम करत होता. पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा त्याने 1790 मध्ये समोर पाहून काढला. ते चित्र आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहे. पोथीतला किंवा पुराणातला प्राणी न काढता डोळ्यांपुढचा प्राणी काढायचा, ही गोष्ट इथे मुंबईचे जे. जे. स्कूल ऑफ आर्ट निघण्याच्या सदुसष्ट वर्षे आधी घडली होती.

जे. जे. निघाले 1857 मध्ये. त्याच्या दोनच वर्षे आधी पॅरिसमध्ये गुस्ताव्ह कुर्बेने सरकारी प्रदर्शनाशी भांडून स्वतःचा मंडप उभारला होता आणि त्यावर ‘वास्तववाद’ अशी पाटी लावली होती. त्याची चित्रे लोकांना झोंबली ती तंत्रामुळे कमी आणि त्यांतल्या माणसांमुळे जास्त. गावच्या दफनविधीला जमलेले साधे लोक त्याने साडेसहा मीटरहून रुंद कॅनव्हासवर जवळजवळ खऱ्या उंचीचे रंगवले. असा आकार तोवर राजेरजवाडे आणि देवदेवतांसाठी राखलेला असे. खडी फोडणारे दोन मजूर त्याने रंगवले, त्यांचे चेहरेही धड दिसत नाहीत. ते चित्र 1945 मध्ये, दुसऱ्या महायुद्धात नष्ट झाले.

मुंबईला मात्र जे शिक्षण आले ते कुर्बे ज्यांच्याशी भांडत होता त्या अकादमीचे. छायाप्रकाश, शरीररचना, यथार्थदर्शन यांत आपली मुले बघता बघता पारंगत झाली. पेस्तनजी बोमनजी, धुरंधर, त्रिंदाद, आबालाल रहिमान, हळदणकर ही नावे कुठल्याही देशाने अभिमानाने सांगावीत अशी आहेत. सावळाराम हळदणकरांची दिवा घेतलेली स्त्री पाहावी. एका हातात दिवा, दुसरा हात ज्योतीच्या आडोशाला, आणि बोटांच्या कडांतून झिरपणारा लालसर उजेड. हे जलरंगात केले आहे, जिथे चुकलेला हात मागे घेता येत नाही. चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे आणि ते पाहून आजही माणसे थबकतात. पण ते रंगवले गेले 1945-46 च्या सुमारास. बंगालच्या दुष्काळातली हाडे-कातडी झालेली माणसे चित्तप्रसादांनी त्याच्या दोन-तीन वर्षे आधी गावोगाव फिरून काळ्या शाईत उतरवली होती. हळदणकरांना कमी लेखण्याचा हेतू यात नाही. पण आपल्या चित्रकलेने कौशल्य मिळवले आणि विषयाचा प्रश्न बाजूला ठेवला, हे या दोन कामांशेजारी उभे राहिले की लख्ख दिसते.

हा प्रश्न एका चित्रकाराला फार लवकर पडला होता, आणि त्याचे उत्तर त्याने कॅनव्हासवर दिले नाही, पडद्यावर दिले. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर नाटकांचे पडदे रंगवत मोठे झाले. 1925 मध्ये त्यांनी ‘सावकारी पाश’ काढला. सावकाराने जमीन गिळलेला शेतकरी शहरात येऊन गिरणी कामगार होतो, ही त्याची कथा. शेतकऱ्याच्या भूमिकेत तरुण व्ही. शांताराम होते. त्या काळच्या कुठल्याही मराठी चित्र-प्रदर्शनात या शेतकऱ्याला एवढी मोठी जागा मिळाली नसती.

कॅनव्हासवर त्याला जागा दिली ती सुधीर पटवर्धनांनी. जन्म पुण्याचा, 1949 चा. वैद्यकीय शिक्षण इथल्याच सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात. मग ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून व्यवसाय. शरीराच्या आत पाहण्याचा धंदा करणाऱ्या या माणसाने शरीर थकते कसे, वाकते कसे, लोकलच्या गर्दीत स्वतःपुरती जागा करते कसे, हे रंगवले. ‘इराणी रेस्टॉरंट’ 1977 चे, ‘लोअर परळ’ 2001 चे. या दोन चित्रांच्या मधल्या काळात गिरण्या बंद पडल्या. ‘लोअर परळ’मध्ये वस्ती, धुराडी आणि नव्या इमारती एकाच कोनातून दिसत नाहीत, नजर फिरवावी लागते. जे. जे.च्या यथार्थदर्शनाचे नियम त्यांनी गरजेपुरते मोडले, आणि म्हणूनच ते चित्र खरे वाटते.

आज पुण्यात वास्तववादी कामाला तोटा नाही. मिलिंद मुळीकांच्या जलरंगांनी कितीतरी नव्या हातांना कागद घेऊन घराबाहेर काढले. सुहास बहुळकरांनी वाडा-संस्कृती आस्थेने रंगवली, आणि ती पडत असताना रंगवली, हे मोलाचे आहे. मागून येणारे बरेच जण मात्र वाड्याची ओसरी, पितळी कडी आणि तुळशीवृंदावन एवढ्यावरच थांबतात. वाडा पाडून उभ्या राहिलेल्या इमारतीच्या तळमजल्यावरच्या अभ्यासिकेत मराठवाड्यातून, विदर्भातून आलेली मुले-मुली एमपीएससीसाठी पहाटेपासून बसलेली असतात. कॉट बेसिसवर राहतात, मेसचा डबा दोघांत खातात, निकालाच्या दिवशी गल्लीत घोळका करतात. आजची सदाशिव पेठ त्यांचीही आहे. ती चित्रांत जवळजवळ नाहीत.

याचे मूळ शाळेतच सापडते. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षेत स्मरणचित्राचा पेपर असतो: रोज दिसणारा प्रसंग आठवून काढा. कुर्बेला आवडला असता असा हा पेपर आहे. पण अनेक क्लासांत त्याची तयारी म्हणून बसलेला माणूस, उभी बाई, पाठमोरे मूल अशा ठरीव आकृत्या घोटून घेतल्या जातात आणि बाजार असो, बसथांबा असो, त्याच जुळवल्या जातात. रेषा सफाईदार येते, मार्क मिळतात, दारातला भाजीवाला मात्र कागदावर येत नाही. याउलट, चंद्रपूरच्या खाणपट्ट्यात वाढलेल्या प्रभाकर पाचपुतेंनी खाण कामगार कोळशानेच भिंतींवर रेखाटले, तेव्हा जगभरच्या प्रदर्शनांनी त्यांची दखल घेतली. त्यांची शैली स्वप्नवत आहे, देऊस्करांसारखी तुळतुळीत नाही. तरीही कुर्बेच्या खडी फोडणाऱ्यांशी त्यांचे नाते आपल्याकडच्या सुबक तैलचित्रांपेक्षा जवळचे आहे.