उघडे दार : एका कामगारपुढाऱ्याचे घर

कामगारपुढारी ही व्यक्तिरेखा रंगभूमीने बहुधा सभेत पाहिली, कादंबरीने संपात आणि तुरुंगात पाहिली. दूरचित्रवाणीने मात्र ती घरात पाहिली. यात माध्यमाच्या स्वभावाचा भाग मोठा आहे. लहान पडद्याला मोर्चा पेलत नाही, चेहरा पेलतो. प्रेक्षक स्वतः आपल्या घरात बसलेला असतो आणि समोरचे घर त्याला ओळखीचे वाटते. या सोयीत एक धोकाही दडलेला असतो. पुढाऱ्याचे घर दाखवू लागले की पत्नीची नाराजी, मुलांचा दुरावा, उशिरा परतणारा बाप या नेहमीच्या तपशिलांतच नाट्य शोधले जाते आणि चळवळ ही मागे टांगलेल्या पडद्यासारखी उरते. घर आणि कार्य यांचा झगडा हा अशा नाट्याचा जणू ठरलेला साचा होय. हा साचा नाकारून कामगारपुढाऱ्याचे घर हाच त्याच्या कार्याचा प्रदेश मानणारी जी थोडी दूरचित्रवाणी नाट्ये इंग्रजीत निर्माण झाली, त्यांत अ‍ॅलन ब्लीझडेल यांच्या ‘जॉर्जेस लास्ट राइड’चे स्थान वरचे आहे.

‘बॉईज फ्रॉम द ब्लॅकस्टफ’ या पाच भागांच्या मालिकेचा हा अखेरचा भाग. बीबीसीच्या दुसऱ्या वाहिनीवरून तो 7 नोव्हेंबर 1982 रोजी प्रसारित झाला. दिग्दर्शन फिलिप सॅव्हिल यांचे होते. मालिकेतील पात्रांचा जन्म मात्र त्याआधी, ‘द ब्लॅक स्टफ’ या 1980 साली प्रसारित झालेल्या एकाच नाट्यात झाला होता. लिव्हरपूलहून मिडल्सबरोला डांबरी कामासाठी गेलेली एक टोळी, तिने स्वतःच्या हिमतीवर घेतलेले परस्पर काम आणि त्यात झालेली फसवणूक एवढे त्याचे कथानक. मालिका या टोळीची पुढची अवस्था सांगते. डांबर संपले, काम संपले. उरला तो बेकारभत्ता आणि तो देणाऱ्या सरकारी खात्याचा ससेमिरा. ब्रिटनमधील बेकारांची संख्या जानेवारी 1982 मध्ये तीस लाखांच्या वर गेली, हा या लेखनामागचा प्रत्यक्ष काळ.

ब्लीझडेल यांनी काय केले हे कळण्यासाठी आधीची दोन नाट्ये शेजारी ठेवून पाहणे उपयुक्त ठरते. जिम अ‍ॅलन यांनी लिहिलेल्या आणि केन लोच यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘द बिग फ्लेम’मध्ये (1969) मर्सी नदीकाठचे दहा हजार गोदी कामगार गोद्या ताब्यात घेतात आणि स्वतः चालवून दाखवतात. तेथे पुढारी आहे तो सामूहिक कृतीचा आवाज म्हणून. त्याला घर असले तरी नाट्याला त्या घराची गरज नाही. याच्या नेमके उलट टोक म्हणजे ट्रेव्हर ग्रिफिथ्स यांचे ‘ऑल गुड मेन’ (1974). मजूर पक्षात हयात घालवलेला आणि आता उमरावपद स्वीकारायला निघालेला एडवर्ड वेट आपल्या घरात बसला आहे आणि त्याचा मुलगा त्याच्या राजकीय आयुष्याची, 1926 च्या सार्वत्रिक संपापर्यंत मागे जाऊन, उलटतपासणी घेतो. येथे घर म्हणजे न्यायालय. पहिल्या नाट्यात घर गैरहजर, दुसऱ्यात घर आरोपपत्र वाचणारे. ब्लीझडेल यांच्या जॉर्ज मलोनचे घर या दोन्हींहून निराळे आहे. ते कचेरी आहे.

या विधानाचे मर्म मालिकेतील इतर घरांकडे पाहिल्यावर उमगते. पाचही भागांत घर मोडण्याचीच कथा सांगितली गेली आहे. ‘मूनलायटर’मध्ये गोदीवर रात्रीचा पहारेकरी झालेला डिक्सी चोरांच्या दडपणाखाली वाकतो आणि ज्या कुटुंबासाठी वाकतो त्याच कुटुंबातील आपला अधिकार गमावून बसतो. ‘शॉप दाय नेबर’मध्ये क्रिसी आणि त्याची पत्नी अँजी यांच्या घरात पैशाचा दुष्काळ हळूहळू शब्दांत उतरतो आणि अखेरीस क्रिसी आपण हौसेने पाळलेल्या पक्ष्यांवर बंदूक चालवतो. ‘यॉसर्स स्टोरी’मध्ये यॉसर ह्यूजची मुले जातात, घर जाते आणि शेवटी भानही जाते. बेकारीचा पहिला परिणाम असा की घराचे दार आतून लावले जाते. सरकारी माणूस येईल या धास्तीने लावले जाते, शेजाऱ्याने चहाडी केली असेल या संशयाने लावले जाते. ज्या वस्तीत कधीकाळी दार लोटून आत येण्याची रीत होती, तेथे दारावरची थाप ही धमकी ठरते.

या साऱ्या बंद दारांच्या रांगेत जॉर्जचे दार तेवढे उघडे आहे. तो मरणाच्या वाटेवर आहे. ते त्याला ठाऊक आहे, घरच्यांना ठाऊक आहे. तरीही शेजारीपाजारी आपले कागद घेऊन त्याच्याकडे येतात. कोणाचा भत्ता अडला, कोणाला खात्याचे न समजणारे पत्र आले. जॉर्ज ऐकून घेतो, काय करावे ते सांगतो. नाट्यदृष्ट्या ही दृश्ये साधी आहेत. त्यांत संघर्ष नाही, उत्कंठा नाही. परंतु कामगार संघटना म्हणजे काय, या प्रश्नाचे उत्तर ब्लीझडेल याच दृश्यांतून देतात. संघटना म्हणजे झेंडा आणि ठराव हे खरेच. पण त्याहून आधी ती एक सवय आहे. एकट्याला आलेले पत्र एकट्याने वाचायचे नाही, ही ती सवय. संप हरल्यावर, गोदी बंद पडल्यावर, वर्गणी थांबल्यावरही ही सवय एका घरात टिकून राहते. पुढाऱ्याचे कार्य आणि घर यांच्यात या नाट्याला भिंत दिसत नाही, कारण जॉर्जच्या आयुष्यात ती कधी नव्हतीच.

जॉर्जच्या शेजारी त्याचा मुलगा स्नोई ठेवून पाहावा लागतो. पहिल्याच भागात तो मरतो. बेकारभत्ता घेत असताना चोरून काम करणाऱ्यांवर खात्याची धाड पडते आणि निसटण्याच्या प्रयत्नात स्नोई इमारतीवरून कोसळतो. स्नोई गिलावा करणारा कुशल कारागीर आहे, त्याला आपल्या हाताचा अभिमान आहे, आणि तो मार्क्सवादी आहे. तो सतत बोलतो. त्याच्या बोलण्यात बापाच्या पिढीचे सारे सिद्धांत आहेत, परंतु ज्यांच्याशी तो बोलतो त्यांना त्या शब्दांचा ऐकून ऐकून कंटाळा आला आहे. विचार शब्दरूपाने वारसाहक्काने मिळाला, पण तो ज्या सामूहिक कामाच्या जागी रुजला होता ती जागा मात्र मिळाली नाही, ही स्नोईची शोकांतिका. संघटित गोदीवर बाप जे उघडपणे मागत होता, त्याच्या पासंगालाही न पुरणारी मजुरी मुलगा एका असंघटित बांधकामावर लपून कमावतो आणि त्यासाठी जीव देतो. बाप जिवंत असताना मुलाचे मरण दाखवून ब्लीझडेल यांनी चळवळीच्या वारसाहक्काचा प्रश्न कोणत्याही भाषणाविना उभा केला आहे.

अखेरच्या भागाचे मध्यवर्ती दृश्य सर्वपरिचित आहे. क्रिसी जॉर्जला चाकांच्या खुर्चीत बसवून गोदीवर घेऊन जातो. ही अल्बर्ट गोदी. 1846 साली खुली झालेली आणि 1972 साली बंद पडलेली ही गोदी चित्रीकरणाच्या वेळी ओसाड होती. गाळ साचलेली, गजबज विसरलेली. तेथे जॉर्ज आपल्या तारुण्यातील लिव्हरपूल आठवतो; जहाजे, माणसे, लढे आठवतो. आशा उरली नाही यावर आपला विश्वास बसत नाही, अशा आशयाचे उद्गार काढून तो त्या खुर्चीतच मरतो. ते उद्गार श्रद्धेचे की हट्टाचे, हे नाट्य ठरवून देत नाही. समोर पसरलेला ओसाड परिसर त्यांना साक्ष देत नाही आणि तरीही ते खोटे वाटत नाहीत. याचे एक कारण अभिनयाच्या पलीकडचे आहे. जॉर्ज झालेले पीटर केरिगन हे स्वतः लिव्हरपूलचे गोदी कामगार आणि संघटनेचे कार्यकर्ते होते, आणि ‘द बिग फ्लेम’मध्ये गोदी ताब्यात घेणाऱ्यांत त्यांची भूमिका होती. तेरा वर्षांच्या अंतराने तोच माणूस, तेच शहर. एकदा गोदी चालवून दाखवणारा, एकदा गोदीवर मरायला आलेला. दूरचित्रवाणीच्या इतिहासाने परस्पर रचलेले हे रूपक कोणत्याही लेखकाला एकट्याने रचता आले नसते.

तथापि या नाट्यावर दोन आक्षेप घेता येतात, आणि ते घ्यावयास हवेत. पहिला असा की ब्लीझडेल यांनी पुढाऱ्याला त्याच्या सत्तेपासून वेगळे करून मगच त्याच्यावर प्रेम केले. संघटनेचा पदाधिकारी वाटाघाटीच्या मेजावर बसतो, तडजोड करतो, कधी सभासदांना फसवतो, कधी त्यांच्याकडून फसतो. या साऱ्यातून जॉर्ज आधीच बाहेर पडलेला आहे. आजारी आणि सत्ताहीन माणूस निष्कलंक दिसणे सोपे असते. चळवळ का हरली, याचे उत्तर बाहेरच्या शक्तींबरोबर काही प्रमाणात चळवळीच्या आतही असणार. त्या दिशेने हे नाट्य पाऊल टाकत नाही. ग्रिफिथ्स यांनी वेटला जो प्रश्न विचारला तो जॉर्जला कोणी विचारीत नाही. पुढे 1991 साली ‘जी.बी.एच.’मध्ये ब्लीझडेल यांनी मायकेल मरे हा डाव्या राजकारणातील सत्तांध आणि भयग्रस्त नगरनेता रंगवला. दुसरी बाजू त्यांना अज्ञात नव्हती, असा याचा अर्थ. परंतु दोन बाजू दोन वेगळ्या कृतींत आणि दोन वेगळ्या माणसांत वाटल्या गेल्या. एकाच माणसात त्या एकत्र आल्या असत्या तर कामगारपुढाऱ्याचे अधिक अवघड आणि अधिक सत्य चित्र हाती आले असते.

दुसरा आक्षेप घराविषयी आहे आणि तो अधिक गंभीर आहे. दार उघडे ठेवणारा जॉर्ज. पण उघड्या दाराचे घर चालवणारी त्याची पत्नी मेरी. ही भूमिका संयमाने केली गेली आहे. येणाऱ्याजाणाऱ्याला बसायला जागा देणे, आजाऱ्याला विश्रांती मिळावी म्हणून झटणे आणि तरी त्याला अडवू न शकणे, हे तिचे काम. मुलगा गेला, नवरा चालला. हे दुहेरी मरण तिच्या घरात घडते आहे. असे असूनही नाट्याने जॉर्जच्या आठवणींना जेवढा अवकाश दिला तेवढा मेरीच्या हिशेबाला दिला नाही. ब्लीझडेल यांना स्त्रीचा क्रोध लिहिता येत नव्हता असे मुळीच नाही. जूली वॉल्टर्स यांनी साकारलेली अँजी नवऱ्याच्या हतबलतेवर ज्या त्वेषाने तुटून पडते, तो मालिकेतील सर्वांत धारदार लेखनाचा नमुना होय. तो त्वेष मलोनांच्या घरात मात्र शिरू दिलेला नाही, जणू पुढाऱ्याच्या मृत्युशय्येपाशी असा हिशेब मांडणे अनुचित ठरावे. परिणामी घर हीच संघटनेची कचेरी, हे नाट्याचे मोलाचे सूत्र अर्धेच सिद्ध होते. त्या कचेरीचे भाडे कोण भरत होते, हे सांगायचे राहून जाते.

मराठी वाचकाला हा प्रश्न परका नाही. ज्या जानेवारी 1982 मध्ये ब्रिटनने बेकारीचा तो आकडा ओलांडला, त्याच महिन्याच्या 18 तारखेला मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगार दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संपावर गेले. त्या संपाचे नाट्यरूप मराठीत यायला पंधरा वर्षे लागली. जयंत पवार यांचे ‘अधांतर’ हे नाटक 1997 मधले. तेही घराचेच नाटक आहे. गिरणगावातील धुरी कुटुंबाच्या चाळीतल्या खोलीत संपाचे पडसाद उमटतात, आणि त्या खोलीच्या केंद्रस्थानी पुढारी नसून आई आहे. दोन्ही कृतींत औद्योगिक शहराचा अस्त एका घराच्या मापाने मोजला आहे. फरक माप कोणाच्या हाती आहे याचा. ब्लीझडेल यांच्या नाट्यात जे निसटले ते पवार यांच्या नाटकात सापडते, आणि पवार यांच्या खोलीत ज्याला आता थारा उरलेला नाही तो परस्परविश्वास ब्लीझडेल यांच्या जॉर्जपाशी शाबूत आहे.

जॉर्जच्या अंत्यविधीनंतरचा भाग या चर्चेत विसरता येत नाही. क्रिसी, लॉगो आणि यॉसर एका मद्यगृहात जातात. तेथे नोकरी गेल्याची भरपाई हाती आलेली माणसे बेभान होऊन ती उधळीत आहेत. तेथील गोंगाट हास्य आणि भीती यांच्या सीमेवरचा आहे. जॉर्जच्या घरात माणसे एकेक करून येत आणि कोणाची तरी होऊन परत जात. येथे गर्दी आहे, पण प्रत्येक जण एकटा आहे. सार्वजनिक जागा उरली, सार्वजनिक जीवन उरले नाही. मग तिघे बाहेर पडून चालू लागतात आणि त्यांच्या मागे टेट अँड लाइल या साखर कारखान्याची पाडापाड चाललेली दिसते. 1981 मध्ये बंद पडलेला हा कारखाना लिव्हरपूलच्या बंदराशी बांधलेल्या श्रमजीवनाचे एक ठळक चिन्ह होता.

हीच कथा जेम्स ग्रॅहम यांच्या रूपांतराने 2023 साली लिव्हरपूलच्या रॉयल कोर्ट रंगमंदिरात आणि 2024 मध्ये लंडनच्या नॅशनल थिएटरमध्ये रंगमंचावर आली. मधल्या काळात ती ओसाड गोदी 1988 पासून पर्यटकांसाठी सजली आणि तिच्या गोदामांत कलादालन उघडले. जॉर्जने जी जागा डोळे मिटण्यापूर्वी पाहिली ती आज पाहायला मिळणार नाही. जे काम करीत तो गेला त्याची गरज मात्र कोठेच संपलेली नाही. अपुऱ्या मजुरीवर कराराने राबणाऱ्या आणि समोर आलेला सरकारी कागद एकट्याने उलगडत बसणाऱ्या माणसांची आजच्या भारतात वाण नाही. कामगारपुढाऱ्याची थोरवी त्याने जिंकलेल्या संपांच्या संख्येवर मोजावी की त्याच्या दारात आलेल्या माणसांवर, हा प्रश्न ब्लीझडेल यांनी उभा केला. त्या दाराआड राबणाऱ्या स्त्रीलाही त्या मापात धरणारे नाट्य लिहिले जाईल, तेव्हाच या प्रश्नाचे उत्तर पुरे होईल.