वाङ्मयातील स्थूल पाहुणा

भाद्रपद शुद्ध चतुर्थीला चंद्र पाहू नये, असे मराठी घरात लहानपणीच सांगतात, आणि का पाहू नये याची कथाही सांगतात. मोदकांचे भरपूर जेवण करून गणपती उंदरावर बसून परत निघाला होता. वाटेत साप आडवा आला, उंदीर बिचकला आणि स्वार खाली पडला. पोट फुटून मोदक रस्त्यावर सांडले. ते गोळा करून, तोच साप पोटाला आवळून तो उठू लागला, तेव्हा वरून चंद्र हसला. त्या हसण्याबद्दल चंद्राला शाप मिळाला. ही कथा आपण केवळ व्रताच्या निमित्ताने ऐकतो, म्हणून तिची मांडणी आपल्या लक्षात येत नाही. अतिशय जड पाहुणा, त्याला पोटभर खाऊ घालणारे यजमान, त्याला न पेलणारे वाहन आणि दुरून गंमत पाहणारा प्रेक्षक, अशी चारही पात्रे तीत आहेत. आणि कथाकाराने शाप दिला आहे तो प्रेक्षकाला. पुढच्या वाङ्मयाने मात्र, आपल्याकडील काय आणि इंग्रजीतील काय, बहुधा चंद्राच्या जागी बसूनच लेखन केले.

अशा लेखनाची परीक्षा सामान्यतः विनोद कितपत साधला यावरून होते. मला ती कसोटी अपुरी वाटते. ज्या माणसाचे वजन फार आहे, त्याचे लक्ष दिवसभर स्वतःच्या पोटाकडे नसते. खुर्चीला हात आहेत काय, जिन्याला कठडा आहे काय, दार किती रुंद आहे, बसल्यावर उठता येईल काय, या चिंतांत त्याचा दिवस जातो. लेखकाला या वस्तू दिसल्या की त्याचे पात्र माणूस होते. त्या दिसल्या नाहीत तर पृष्ठावर नुसते पोट उरते.

आपल्या जुन्या ग्रंथकारांपैकी चरकाला हे दिसले होते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, एकविसाव्या अध्यायात, आठ प्रकारची शरीरे निंदित म्हणून सांगितली आहेत आणि त्यांत अतिस्थूल व अतिकृश या दोहोंचा विशेष विचार केला आहे. 'निंदित' हा शब्द आज कानाला खटकतो. परंतु पुढील विवेचन वैद्याचे आहे, टवाळाचे नव्हे. अतिस्थूलाचे आठ दोष सांगताना आयुष्याचा ऱ्हास हा पहिला आणि त्याच्या पाठोपाठ 'जवोपरोध' हा दुसरा. जव म्हणजे वेग; त्याला पडलेला अडथळा तो जवोपरोध. घाम, भूक, तहान यांची पाळी नंतर येते. कारणे देतानाही त्याने अतिभोजन, व्यायामाचा अभाव व दिवसाची झोप यांच्या जोडीला बीजस्वभाव घातला आहे. जाडी काही जणांना जन्मानेच लाभते, हे त्याने मान्य केले होते. नाटककारांनी मात्र वैद्याचे ऐकले नाही. नाट्यशास्त्रातला विदूषक ठेंगणा, कुबडा, टकला, दात पुढे आलेला असा आहे. नाटकांनी त्याला मोदकांचे वेडही दिले. पण ते मोदक खाऊन तो राजवाड्याच्या पायऱ्या कशा चढला, हे कोणी विचारले नाही.

हा प्रश्न ज्याने खऱ्या अर्थाने विचारला तो शेक्सपिअर. 'चौथा हेन्री'च्या पहिल्या भागात वाटमारीचा प्रसंग आहे. फॉलस्टाफचा घोडा मित्रांनी चेष्टेने लपविला आहे आणि त्याला पायी चालावे लागते. तेव्हा तो आपली तक्रार मांडतो ती अंतराच्या हिशेबाने: आठ यार्ड खडबडीत जमीन त्याला सत्तर मैलांएवढी वाटते. प्रेक्षक हसतात आणि त्यांनी हसावे अशीच योजना आहे. परंतु ज्याने एखाद्या जड माणसाबरोबर रेल्वेच्या फलाटावरून चालून पाहिले आहे, त्याला हे माप अतिशयोक्तीचे वाटणार नाही. लगेच राजपुत्र त्याला जमिनीवर आडवे होऊन, कान लावून, वाटसरूंची पावले ऐकायला सांगतो. फॉलस्टाफचा प्रतिप्रश्न असा की, आपल्याला पुन्हा उभे करायला तुमच्याजवळ तरफा आहेत काय? माझ्या मते सबंध नाटकात त्याच्या देहाविषयी याहून खरे असे दुसरे काही नाही. बसणे, पडणे, निजणे या गोष्टी त्याला अवघड नाहीत. अवघड आहे ते उठणे. आणि उठविणारे मित्र ते विसरले आहेत. पुढे संकट आल्यावर हाच मनुष्य चपळाईने पळतो व राजपुत्र त्यावरही कोटी करतो. तीत विसंगती शोधण्याचे कारण नाही. भीतीने माणूस पळतो, मग त्याचे वजन काहीही असो.

'विंडसरच्या खट्याळ बायका' या नाटकात तोच फॉलस्टाफ पाहुणा म्हणून येतो, आणि यजमानीण त्याला मळक्या कपड्यांच्या टोपलीत कोंबून टेम्सच्या काठी चिखलात फेकायला लावते. रंगभूमीवर हा प्रसंग हमखास रंगतो. तरीही येथे नाटककाराची पायरी उतरली आहे, कारण टोपलीत माणूस आहे याचा विसर पडून गड्यांच्या ओझ्याची तेवढी गंमत उरते. त्याची भरपाई नंतर होते. फॉलस्टाफ ती हकीकत स्वतः सांगतो, तेव्हा कोंदट अंधार, दुर्गंधी, उकाडा आणि नदीकाठ उथळ नसता तर बुडून मरण्याची भीती, हे सारे त्याच्या तोंडून ऐकू येते. टोपलीच्या आतून बोलणारा असा माणूस विनोदी वाङ्मयात विरळा.

डिकन्सजवळ निरीक्षण होते, पण ही आस्था नव्हती. १८३६–३७ च्या 'पिकविक पेपर्स'मधील वॉर्डलचा नोकर जो, तो लठ्ठ मुलगा, गाडीवर बसल्या बसल्या झोपतो, जेवण वाढताना झोपतो, हाक मारली की जागा होऊन खातो आणि पुन्हा झोपतो. सबंध कादंबरीत हे एकच यंत्र फिरत राहते. गंमत अशी की, १९५६ साली अमेरिकेतील डॉक्टरांनी अतिस्थूलता, मंदावलेला श्वास आणि दिवसा आवरत नाही अशी झोप यांच्या एका विकाराला पिकविकचेच नाव दिले. ज्याला मालक आळशी म्हणून हाका मारीत होता, तो पोरगा आजारी असावा! डिकन्सच्या डोळ्यांना लक्षण अचूक दिसले. दुखणे दिसले नाही. विल्की कॉलिन्सने १८६० साली 'पांढऱ्या वेषातील स्त्री'मध्ये काउंट फॉस्को उभा केला. तो देहाने अवाढव्य, चालीने मांजरासारखा हलका आणि मनाने दुष्ट. जाडी म्हणजे आनंदी स्वभाव, हा लाडका समज त्याने मोडला, एवढे श्रेय त्याला द्यावे. पण फॉस्कोला पायऱ्याच लागत नाहीत.

आणि आता ज्या पुस्तिकेकडे वाचकांचे लक्ष वेधावयाचे आहे, तिच्या लेखकाला वाङ्मयाची कसलीच हौस नव्हती. विल्यम बँटिंग हा लंडनमधील अंत्यविधीची व्यवस्था करणारा व्यावसायिक. राजघराण्याच्या अंत्ययात्राही त्याच्या पेढीकडे असत. १८६३ साली त्याने 'स्थूलतेविषयी पत्र' स्वतःच्या खर्चाने छापून वाटले. उंची ५ फूट ५ इंच, वजन २०२ पौंड, म्हणजे सुमारे ९२ किलो. आजच्या मानाने हे वजन अचाट नव्हे. परंतु त्याने जे लिहिले ते दुप्पट वजनाच्या माणसालाही पटेल. वाकून बुटाची नाडी बांधता येत नाही. गुडघ्यांना व घोट्यांना हिसका बसू नये म्हणून जिना पाठमोरा, सावकाश उतरावा लागतो. चढताना दम लागतो. सभेत पुरेशी जागा मिळत नाही. वाहनात आणि रस्त्यात लोकांचे शेरे ऐकावे लागतात, म्हणून माणूस हळूहळू चारचौघांत जाण्याचे टाळू लागतो. पाठमोरा जिना उतरणारा हा प्रौढ गृहस्थ एका वाक्यात जसा डोळ्यांसमोर उभा राहतो, तसा डिकन्सचा जो सबंध कादंबरीत राहत नाही.

बँटिंगची शैली जमाखर्चाची आहे. तारीख, वजन, घट, पुन्हा तारीख. आम्हा कारकुनांना ती ओळखीची वाटते आणि तिचे सामर्थ्यही कळते. कारण दयेची याचना नसल्यामुळे वाचक आपोआप विश्वास ठेवतो. डॉक्टरांच्या सांगण्यावरून त्याने पहाटे नाव वल्हविली, तर स्नायू बळकट झाले आणि भूकही वाढली, हे तो न चिडता नोंदवितो. अखेर कानाच्या तक्रारीसाठी तो ज्या विल्यम हार्वेकडे गेला, त्याने पाव, साखर, दूध, बटाटे व बिअर तोडायला सांगितले. वर्षभरात सुमारे ४६ पौंड उतरले. त्या यशाचे वर्णन करताना तो आरशात पाहत नाही. आपण आता जिना सरळ तोंडाने उतरतो, हे सांगतो. त्याचा दोष असा की, आपल्याला लागू पडले ते सर्वांना लागू पडेल असे त्याने धरले. चरकाने सांगितलेला बीजस्वभाव त्याच्या हिशेबात नाही. पुस्तिका इतकी खपली की इंग्रजीत त्याच्या नावाचे क्रियापद झाले आणि स्वीडिश भाषेत पथ्याने वजन उतरविण्याला आजही 'बांटा' म्हणतात. लोकांनी त्याचे पथ्य घेतले. त्याचा जिना मागेच राहिला.

मराठीत असा जिना मला भेटलेला नाही. चिं. वि. जोशी यांचा गुंड्याभाऊ अंगापिंडाने दांडगा आहे. पण त्याचा देह हे त्याचे बळ आहे, अडचण नव्हे. आपली भाषाच येथे दुटप्पी वागते. एकीकडे 'खात्यापित्या घरचा' हे कौतुक आणि दुसरीकडे 'ढेरपोट्या' ही शिवी; मधला साधा शब्द शोधायला गेले तर संस्कृताचा आश्रय घेऊन 'स्थूल' म्हणावे लागते. आपले आतिथ्यही असेच आहे. पंगतीत पाहुण्याला आग्रह करकरून वाढावयाचे, 'सावकाश होऊ द्या' म्हणावयाचे आणि हात धुवायला तो उठू लागला की माना वळवून हसावयाचे. अडचण जिलबीची नसते, पाटाची असते. मांडी घालता येत नाही, घातली तर सुटत नाही, आणि उठताना टेकायला जवळ भिंत नसते. फॉलस्टाफच्या तरफेचा प्रश्न मराठी पंगतीत रोज उपस्थित होत आला आहे. आता पाट गेले आणि टेबले आली. पण प्लॅस्टिकची खुर्ची गुळगुळीत फरशीवर पाय फाकते, आणि दिवाणखान्यातील हातांची खुर्ची मांड्यांना चिमटे घेते. म्हणून असा पाहुणा घरात शिरताच माणसांआधी खुर्च्या पाहतो आणि 'बसूनच आलो आहे' असे म्हणून उभा राहतो. यजमानाला ती सभ्यता वाटते.

परप्रांतात राहणाऱ्या आपणा नोकरवर्गाच्या घरी गावाकडची माणसे मुक्कामाला येतात. एका चहापुरते हे निभत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावरील सरकारी घर, अरुंद न्हाणीघर, बसक्या धाटणीचा संडास, दोन भिंतींत अडकविलेला पलंग, हे सारे त्या माणसाने निघण्यापूर्वी मनात मोजलेले असते. आणि पुष्कळदा 'रजा मिळत नाही' असे पत्र येते ते यामुळे. जो येतो, तो प्रत्येक मजल्यावर थांबून दारांवरील नावांच्या पाट्या मोठ्या आस्थेने वाचतो. त्या वाचनात दम परत येतो. यजमान जाणता असेल तर तोही पाट्या वाचीत थांबतो, आणि घरात बिनहातांची, लाकडी, दणकट खुर्ची भिंतीला लावून आधीच मांडलेली असते. ती मांडल्याचा उल्लेख कोणी करीत नाही. एवढ्यात एक चांगली लघुकथा आहे. आमच्या विनोदी लेखकांनी त्याऐवजी मोडलेली खुर्ची निवडली, कारण मोडण्याचा आवाज होतो.

यजमान आणि पाहुणा यांचे हे नाते उलटे झालेले पाहावयाचे असेल, तर इंग्लंडातील डॅनिएल लॅम्बर्टकडे वळावे. १७७० साली जन्मलेला हा लेस्टरचा तुरुंगाधिकारी, तुरुंग बंद झाल्यावर पोटासाठी १८०६ साली लंडनला आला आणि पिकाडिलीत घर घेऊन, एक शिलिंग घेऊन, लोकांना भेटू लागला. १८०९ साली स्टॅमफर्डच्या एका खाणावळीत तो वारला, तेव्हा वजन ५२ स्टोन ११ पौंड, म्हणजे सुमारे ३३५ किलो होते. जिना चढता येत नसल्याने त्याने तळमजल्याची खोली घेतली होती; शव बाहेर काढण्यासाठी तिची खिडकी व भिंत पाडावी लागली. शवपेटीला चाके बसविली, थडग्याकडे उतरता मार्ग खणला, आणि तरीही ती आत ओढायला वीस माणसांना अर्धा तास लागला. त्याच्याविषयीच्या प्रत्येक लेखनात हे आकडे येतात आणि वाचकही तेवढेच लक्षात ठेवतात.

मला त्याहून मोलाची वाटते ती पिकाडिलीतील एक हकीकत. येणाऱ्याने टोपी काढावी, असा त्या घरचा शिरस्ता होता. एका गृहस्थाने शिलिंग मोजले, पण राजा असता तरी टोपी काढली नसती असे सांगून तो तसाच उभा राहिला. लॅम्बर्टने त्याला तत्काळ बाहेर जाण्यास सांगितले; हा मान आपल्यासाठी मागत नसून, खोलीत बसलेल्या इतर पाहुण्यांसाठी मागत आहोत, असे त्याचे म्हणणे होते.