मिसेस जॉर्डनचा पेशा

क्लेअर टोमॅलिन यांनी १९९४ साली लिहिलेल्या इंग्रजी चरित्राचे नाव ‘मिसेस जॉर्डन्स प्रोफेशन’. त्या ‘पेशा’ शब्दातच ग्रंथाचे मर्म आहे. लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहात १७८५ पासून गाजलेली ही विनोदी नटी पुढे वीस वर्षे राजपुत्र विल्यमची सहचरी होती. लग्न नाही, मुले मात्र दहा! तरी तोंडाला रंग लावणे तिने सोडले नाही. त्या कमाईचा संसाराला आधारच होता. १८११ मध्ये राजपुत्राने तिला दूर केले. रंगभूमीवर परतलीस तर मुलींचा ताबा जाईल, अशी अट घातली. पैशाची निकड होती, ती परतली. १८१६ मध्ये फ्रान्समध्ये, परक्या मुलखात, वारली. १८३० साली राजा झालेल्या विल्यमने तिचा संगमरवरी पुतळा करविला. त्यात ती दिसते ती लेकुरवाळी आई. तिच्यातली नटी मात्र टोमॅलिनबाईंनीच आपल्याला परत दिली.