मेंदू-प्रतिमांकन : सामायिक साधने आणि सामायिक दोष

रक्तातील प्राणवायूच्या प्रमाणानुसार चुंबकीय संकेत बदलतो, हे सेइजी ओगावा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये दाखविले. त्यातून विकसित झालेल्या कार्यात्मक चुंबकीय अनुनाद प्रतिमांकनाने, म्हणजेच एफएमआरआयने, जिवंत माणसाच्या मेंदूचे व्यवहार शस्त्रक्रियेविना अभ्यासणे शक्य केले. या पद्धतीच्या प्रसारात यंत्राइतकाच वाटा संशोधकांनी परस्परांना विनामूल्य दिलेल्या संगणकीय साधनांचा आहे. लंडनमधील एसपीएम, ऑक्सफर्डमधील एफएसएल आणि अमेरिकेतील एएफएनआय ही त्यांतील प्रमुख होत. या देवाणघेवाणीचे मूल्यमापन करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

एफएमआरआयमधील रंगीत ठिपका हे छायाचित्र नव्हे. तो संख्याशास्त्रीय निर्णय असतो. मेंदूचे हजारो सूक्ष्म घनभाग करून प्रत्येकाची स्वतंत्र चाचणी घेतली जाते. इतक्या चाचण्यांत काही निष्कर्ष केवळ योगायोगाने सकारात्मक ठरणारच. म्हणून दुरुस्तीची पद्धत निर्णायक ठरते.

नेमक्या याच ठिकाणी अँडर्स एकलुंड, थॉमस निकोल्स व हान्स क्नुट्सन यांचा २०१६ मधील शोधनिबंध महत्त्वाचा आहे. त्यांनी ४९९ निरोगी व्यक्तींच्या विश्रांत अवस्थेतील नोंदी यादृच्छिक गटांत विभागून तपासल्या. वास्तविक फरक नसताना चुकीचे सकारात्मक निष्कर्ष सुमारे ५ टक्के अपेक्षित होते. समूहाधारित दुरुस्तीच्या काही प्रकारांत ते ७० टक्क्यांपर्यंत गेले. शेजारच्या घनभागांतील परस्परसंबंधाविषयीचे गृहीतक सदोष होते. शिवाय एएफएनआयच्या एका उपप्रणालीत १५ वर्षे राहिलेली चूकही उघड झाली. साधन सर्वांचे झाले, तसा दोषही सर्वांचा झाला.

तथापि यावरून देवाणघेवाणच घातक, असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे ठरेल. ही तपासणी शक्य झाली ती इतरांनी नोंदी खुल्या ठेवल्यामुळे आणि साधनांची आज्ञावली वाचता येत असल्यामुळे. बंदिस्त साधनातील दोष कदाचित अज्ञातच राहिला असता. उलट, या लेखकांचाही एक दावा अतिव्याप्त होता. सुमारे ४०,००० अभ्यासांच्या वैधतेवर प्रश्नचिन्ह लावणारे त्यांचे विधान पुढे दुरुस्त करावे लागले. टीकाकारही परीक्षणातून सुटत नाही, हेच निकोप ज्ञानव्यवहाराचे लक्षण होय.

२०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ७० चमूंनी एकाच माहितीसंचावर तीच ९ गृहीतके तपासली. कोणत्याही दोन चमूंची विश्लेषणप्रक्रिया तंतोतंत सारखी नव्हती आणि अनेक गृहीतकांबाबत निर्णयही भिन्न आले. म्हणजे साधन देणे पुरेसे नाही. ते कसे वापरले, याची संपूर्ण नोंद देणेही आवश्यक आहे. माहितीच्या मांडणीसाठी २०१६ मध्ये पुढे आलेले बिड्स हे मानक त्या दिशेचे पाऊल आहे. मात्र साधने घडविणे व जपणे या श्रमांना शोधनिबंधाइतकी प्रतिष्ठा अद्याप मिळालेली नाही, ही या व्यवस्थेची खरी उणीव आहे.

मानसशास्त्र व शिक्षणशास्त्राच्या वर्गात मेंदूची रंगीत चित्रे आता पुरावा म्हणून दाखविली जातात. ती दाखविण्यापूर्वी अध्यापकाने तीन प्रश्न विचारावेत : सहभागी किती होते? दुरुस्ती कोणत्या पद्धतीने केली? माहिती व आज्ञावली इतरांना तपासता येते काय? उत्तरे मिळत नसतील, तर ते चित्र पुरावा नसून केवळ सजावट आहे, असेच मानावे लागेल.